किलोमीटरवाला

गडचिरोली वेगळा जिल्हा झाला तरी आमच्या दैनिकाने तिथे कार्यालय उघडले नाही. चंद्रपूरच्या एका खोलीतून आम्ही दोघे वार्ताहर दोन्ही जिल्हे सांभाळत होतो. माझ्याकडे स्कूटर होती. सहकारी ब्रह्मपुरीकडचा, त्याच्याकडे जुनी मोटारसायकल. कामासाठी स्वतःची गाडी वापरण्याचे पैसे नागपूरचे मुख्य कार्यालय दोन रीतींनी देई: दरमहा ठरावीक वाहनभत्ता, किंवा फिरलेल्या किलोमीटरप्रमाणे. एक रीत निवडायची. मग वर्षभर ती बदलता येत नसे. मी भत्ता घेतला होता, त्याने किलोमीटर.

भत्ता घेणाऱ्याचा लांबचा प्रवास स्वतःच्या खिशातून होतो. त्यामुळे मी जिल्हा परिषदेच्या सभा, न्यायालय आणि कोळसा खाणींवर लिहीत असे. माझ्या प्रत्येक बातमीच्या सुरुवातीला एकच गाव छापले जाई: चंद्रपूर. त्याच्या बातमीवर कधी कुरखेडा असे, कधी एटापल्ली. आमची नावे छापली जात नसत. दोघेही ‘आमच्या वार्ताहराकडून’. फरक दिसे तो या गावावरून. सकाळी अंक आला की मी आधी त्याच्या बातमीवरचे गाव पाहत असे, मग बातमी. त्याचा मजकूर माझ्यापेक्षा चांगला नसे, असे माझे मत होते. पण वर एटापल्ली लिहिलेले असे.

दोघांच्या गाड्या बसस्टँडजवळचा एकच मिस्त्री दुरुस्त करी.

“साहेब, तुमची स्कूटर म्हणजे नवी दुल्हन,” तो मला म्हणे. “घराबाहेर पाय टाकत नाई. अन् भाऊची गाडी पाहा. एअर फिल्टर झटकला का अर्धी आलापल्ली निघते.”

सहकारी हसे. मी पैसे देऊन निघे.

निवड मे महिन्यात करायची असे. तेंदूपानांचा हंगाम, नाले कोरडे, जीप कुठेही जाते. त्या वर्षी मी किलोमीटर घेतले. आता माझ्याही लांबच्या प्रवासाचा खर्च कार्यालयाचा होता. त्याच्यात आणि माझ्यात फरक उरणार नाही, असा माझा हिशेब होता. त्याच आठवड्यात त्याने भत्ता घेतला.

“काऊन भाऊ, किलोमीटरवाले झाले म्हणते?” त्याने टेबलापलीकडून विचारले.

“झालो. आणि तुम्ही भत्तेवाले?”

“थकलो न भाऊ. आता सायबासारखा इथीच बसून खातो.”

मी ते खरे मानले. मला बरे वाटले.

मे संपण्याआधी मी स्कूटर घेऊन कुरखेड्याला गेलो आणि पानांच्या भावावर लिहिले. बातमीवर कुरखेडा छापून आले. तो अंक मी घरी नेला.

मग पाऊस लागला. कुरखेड्याकडे आणि आलापल्लीच्या पुढे नाले भरले, रस्ते बंद झाले. किलोमीटरचे पैसे एस.टी.च्या अंतराच्या तक्त्याप्रमाणे मिळत, आणि तेही गाडीने गेल्यास. बंद रस्त्याचे किलोमीटर नव्हते. स्कूटर मिस्त्रीच्या शेडमध्ये उभी राहिली आणि माझ्या बातम्यांवर पुन्हा चंद्रपूर येऊ लागले. मे महिन्यात कोरडे रस्ते पाहून मी वर्षभराचा निर्णय घेतला होता.

भर पावसाळ्यात एके दिवशी समोरची खुर्ची रिकामी दिसली. तो घरीही नव्हता. काही दिवसांनी आलापल्लीच्या बसच्या कंडक्टरने मला प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले पाकीट दिले. लांबची बातमी आम्ही अशीच बसने मागवत असू. एटापल्लीपलीकडच्या गावांत पुरामुळे धान्य पोहोचले नव्हते. मजकूर त्याच्या अक्षरात होता.

“गाडीने गेले कसे?” मी कंडक्टरला विचारले.

“गाडी कायची जी? गाडी आलापल्लीले ठेवली. भाऊ पायी गेले, नाल्यात डोंग्यानं. दरसाली जाते.”

पायी चालण्याला किलोमीटर मिळत नसत. मागच्या पावसाळ्यातही ते त्याला मिळाले नव्हते, आणि तेव्हाही त्याच्या बातमीवर एटापल्ली होते. हे मला ठाऊक असायला हवे होते; रोज सकाळी आधी गाव पाहणारा मीच होतो. यंदा त्याने भत्ता घेतला, तेव्हा चालण्याच्या महिन्यांतही त्याला काही मिळणार होते. मला त्याच्या किलोमीटरचा हेवा वाटत आला होता. आता भत्त्याचा वाटू लागला, आणि पायांचाही.

बातमी त्याच संध्याकाळी ट्रंक कॉलवरून नागपूरला वाचून दाखवायची होती. ते काम माझे होते. लाइनवर खरखर होती. उपसंपादकाने माझा आवाज ओळखला आणि तो सवयीने म्हणाला, “हं, चंद्रपूर. पुढे?”

“चंद्रपूर नाही,” मी म्हणालो. “एटापल्ली.”

“काय? ऐकू येत नाही. चंद्रपूरच ना?”

आणखी एकदा विचारले असते तर मी हो म्हणालो असतो की काय, सांगता येत नाही. मी उठून उभा राहिलो आणि बाहेर रस्त्यापर्यंत जाईल एवढ्या आवाजात ते गाव पुन्हा सांगितले.