आई बाजारात गेलीय

उलव्यातल्या एका सोसायटीच्या तळमजल्यावर दोन गाळे जोडून आमची बालवाडी चालते. मी तिथे शिकवते. शाळा सुरू झाली की पहिले काही आठवडे नुसता आकांत असतो. नवं मूल दाराची जाळी धरून भोकाड पसरतं. मग आमच्या मावशी त्याला कडेवर घेतात, नाक पुसतात आणि म्हणतात, "आई बाजारात गेलीय, आत्ता येईल." मीही तेच म्हणायचे. आई बाजारात नसून वाशीच्या ऑफिसात लॅपटॉपपुढे बसलेली असायची, पण मूल हुंदके देत का होईना, गप्प व्हायचं. आपल्यात कोण म्हणत नाही हे?

त्या वर्षी आमच्याकडे चार वर्षांची एक मुलगी होती. ती चावायची.

चावायची म्हणजे अशी की दुसऱ्याच्या दंडावर दातांचे वळ संध्याकाळपर्यंत दिसायचे. पालकांच्या ग्रुपवर त्याचे फोटो यायचे. 'गावातली मुलं घेता कशाला?' असं एकीने लिहिलं आणि लगेच डिलीट केलं. मी वाचलं होतं. दुसऱ्या दिवशी तिच्या मुलाला मी मुद्दाम सगळ्यात शेवटी बाहेर सोडलं. माझा स्वभावच तसला आहे.

मुलगी खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. तिची आई मासळी विकायची. उन्हाळ्यात एका पहाटे मासळी आणायला टेम्पोतून निघाली आणि उरणच्या रस्त्यावर कंटेनरच्या ट्रेलरने टेम्पोला धडक दिली. ती जागीच गेली. मुलीला त्याच सकाळी मामाकडे जासईला पाठवलं आणि बारावं उरकल्यावर परत आणलं. आई कुठे, असं तिने विचारलं तेव्हा आजी म्हणाली, आई बाजारात गेलीय. आईचा फोटोसुद्धा भिंतीला लावला नव्हता. पोरीने हार बघितला तर काय सांगायचं, म्हणून तो साडीत गुंडाळून कपाटात ठेवला होता. हे सगळं आजीनेच आम्हाला प्रवेशाच्या वेळी सांगितलं, आणि वर बजावलं, "टीचर, तुमी पन तेच सांगायचा. लेकरू हाय, तिला काय कलतंय?"

बाप होता, पण कंटेनर यार्डात दोन-दोन पाळ्या करून घरी आला की भिंतीकडे तोंड करून झोपायचा.

संस्थेच्या मॅडमनी आम्हाला एका ट्रेनिंगला पाठवलं. तिथून आम्ही रंगीत चेहरे घेऊन आलो: हसरा, रडका, रागावलेला. मुलांनी आपल्याला काय वाटतंय ते बोट ठेवून दाखवायचं. खोलीत उशा टाकून शांत कोपराही केला. मुलगी चावली की मी तिला तिथे घेऊन बसायचे. अंग थरथरत असायचं, मुठी आवळलेल्या, आणि बोट मात्र दर वेळी हसऱ्या चेहऱ्यावर. तिला बहुतेक वाटायचं की बरोबर उत्तर तेच आहे. मला ते चेहरे फाडून टाकावेसे वाटायचे.

ती कधी चावते, हे कळायला मला फार वेळ लागला. खेळणं हिसकावलं तर ती चावत नसे. कोणी ढकललं तर मुकाट बाजूला व्हायची. एखादं मूल रडायला लागलं, मावशींनी त्याला उचलून आई बाजारात गेलीय म्हटलं आणि ते मूल विश्वास ठेवून गप्प झालं, की ही उठायची. सरळ जाऊन त्याचा हात तोंडात धरायची.

मी मावशींना ते वाक्य बंद करायला लावलं. "आई कामावर गेलीय, डबा खाऊन झाला, गाणं झालं की येईल," असं म्हणायचं ठरवलं. मावशी वैतागल्या. एवढं लांबण लावेपर्यंत पोर निळं पडेल, म्हणाल्या. पण पाळलं त्यांनी. चावणं थांबलं. मला वाटलं, जिंकलो.

मग एका सकाळी एक बाबा नव्या मुलाला सोडायला आले. मूल रडत होतं. त्यांनी दारातच त्याच्या गालाचा पापा घेतला आणि म्हणाले, "रडू नको राजा, मम्मी बाजारात गेलीय ना." मी धावले, पण उशीर झाला. गालातून रक्त आलं होतं.

मॅडमनी त्याच दुपारी सांगितलं, उद्यापासून ती नको. मी भांडले. शेवटी त्या म्हणाल्या, "घरचे तिला खरं सांगायला तयार असतील, तर आपण बघू. नाहीतर माझाही नाइलाज आहे."

शाळा सुटल्यावर मी तडक कोळीवाड्यात गेले. ओट्यावर आजी सुकट निवडत होती, पोर शेजारी बसली होती. तिला पलीकडे खेळायला पाठवून मी आजीला सगळं सांगितलं. समजावलं, मग आवाज चढवला. आजीने मान वर केली नाही.

"माज्या तोंडातून नाय निघायचा," ती म्हणाली. "मी तिला जल्म दिला, मीच कसा सांगू ती मेली म्हनून?"

ती त्या पोरीची आजी आहे, एवढंच आम्ही धरून चाललो होतो. मेलेली तिची लेक होती, याचा आमच्यापैकी कोणी विचारच केला नव्हता. डोळे पुसत ती चहा ठेवायला आत गेली.

मुलगी परत येऊन माझ्याजवळ टेकली. आत स्टोव्हचा आवाज सुरू झाल्यावर तिने दाराकडे पाहिलं आणि माझ्या कानाशी तोंड आणलं.

"टीचर, माजी आई मेली. मामाच्या पोरानं सांगितला."

मी तिचा हात धरला.

"आजीला नको सांगू," ती म्हणाली. "तिला म्हाईत नाय. ती सारखी बोलते आई येल."

मला तेव्हा रडू आलं नाही. भयंकर राग आला, आणि तो कोणावर काढायचा ते कळेना. आजी कप घेऊन बाहेर आली. "काय गो, काय सांगतेस टीचरला?" तिने विचारलं.

"काय नाय," मुलगी म्हणाली, आणि आजीला बसायला तिने जागा करून दिली.