दोघांनी उचलायचं झाकण

ओमानमधल्या इब्रीच्या हिवाळ्यात शुक्रवारची, सुट्टीची दुपार कलू लागली की पत्र्याच्या शेडांमागून समरच्या कोळशाचा वास येऊ लागतो. समर हे इथलं बाभळीच्या जातीचं काटेरी झाड. त्याचा कोळसा धूर फारसा करत नाही, पण निखारा मात्र तासन् तास धरून ठेवतो. दूरचे उघडेबोडके डोंगर त्या वेळी फिकट तांबूस होतात, वाऱ्यातली धूळ खाली बसते आणि उन्हात प्रथमच ऊब म्हणावी अशी काही गोष्ट जाणवते. वर्षाचे आठ महिने भाजून काढणाऱ्या याच उन्हाला मी तेवढे चार महिने आपलं म्हणतो. गेल्या हिवाळ्यात मात्र तो वास आला की मी खोलीची खिडकी लावून घ्यायचो.

आमच्या कारखान्यात अमेरिकेतल्या लुईझियानाहून आलेला एक तेलक्षेत्रातला इंजिनियर एकदा हाताने काढलेलं चित्र घेऊन आला होता. बाहेरून लाकडी पेटी, आतून स्टेनलेसचा पत्रा, तळाशी जाळी आणि वर परातीसारखं उथळ पत्र्याचं झाकण. त्याच्या मुलखातले कॅजन लोक अंगणात या पेटीत मांस भाजतात आणि थट्टेने तिला मायक्रोवेव्ह म्हणतात, असं तो म्हणाला. आमच्या इक्बालने ते चित्र उलटसुलट करून पाहिलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं की यात वायर कुठून घ्यायची. साहेब पोट धरून हसला. मग त्याने समजावलं की विस्तव झाकणावर रचायचा आणि खाणं त्याच्याखाली, बंद अंधारात, सावकाश शिजू द्यायचं. त्याची पेटी देऊन झाल्यावर उरलेल्या प्लायवुडात आणि पत्र्यात आम्ही आमचीही एक करून घेतली. लाकूड इक्बालचं, पत्रा माझा.

इक्बाल मुरूडकडचा, मी अलिबागजवळचा. त्या कारखान्यात मराठी बोलणारे आम्ही दोघंच; बाकी मलबारी, बंगाली, पठाण. तो सुतार, मी पत्र्याचं आणि वेल्डिंगचं काम करणारा, आणि पंधरा वर्षं शेजारशेजारच्या खोल्यांत राहिलेले. हिवाळा लागला की दोघांनाही एकाच वेळी पोपटीची आठवण यायची. शेताच्या बांधावर मडक्यात भरलेल्या वालाच्या शेंगा, अंडी, रताळी, आणि त्या सगळ्यात मुरलेला भांबुर्ड्याच्या पाल्याचा तो रानवट, किंचित कडवट वास. इथे मडकं पालथं घालून पालापाचोळा पेटवायला शेत कुठलं? तेव्हा माझी बायको गावाहून वाळवलेला भांबुर्डा पाठवायची, इक्बाल बाजारातून कोवळा बोकड आणायचा, आणि ही परदेशी पेटी आमचं मडकं व्हायची. तिच्यातून निघालेलं मांस हाडाला नुसतं टेकलेलं असायचं.

या पेटीचा नियम एकच, आणि तो कडक. मध्येच झाकण उचलायचं नाही. निखाऱ्यांनी भरलेली ती परात इतकी जड की तिला दोन बाजूंना दोन कड्या आणि दोन माणसं लागतात. एकट्याने हात घातला तर हात भाजेल, नाहीतर राख मांसात जाईल. शेवटचे निखारे मंदावल्यावरही पाव तास थांबायचं, आतली वाफ आतच जिरू द्यायची. हा पाव तास साहेबाच्या चित्रात नव्हता, तो आमच्या आयांनी भाताच्या पातेल्यावरून आम्हाला शिकवलेला.

गेल्या हिवाळ्यातल्या एका गुरुवारी आमच्या अर्बाबने, म्हणजे ओमानी मालकाने, फोरमनची जागा बाहेरून आलेल्या एका मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, माणसाला दिली. ती जागा माझीच, असं मी सहा महिने धरून चाललो होतो. नुसता धरून नव्हतो, तसा वागतही होतो. लाकूड कसं कापावं हे इक्बालला शिकवण्यापर्यंत माझी मजल गेली होती. शुक्रवारी सगळ्यांसमोर हसून बोलायचं असं ठरवून मी पेटीपाशी आलो, दुपारभर निखारे सारखे करत राहिलो. विस्तव मंदावला, पाव तास झाला. इक्बाल कडीला फडकं गुंडाळून समोर उभा राहिला आणि म्हणाला, “काय रे, जिरली का?” नेमके त्याच वेळी मागे बसलेले चौघे कशाला तरी हसले.

आपल्या भाषेतला हा शब्द मोठा विलक्षण आहे. पाणी जमिनीत जिरतं, अन्न अंगी जिरतं, राग मनातल्या मनात जिरवावा लागतो. पण माणसाचीच जिरते, तेव्हा बघणाऱ्यांना गुदगुल्या होतात. मी त्या दिवशी एवढा एकच अर्थ ऐकला. कडी सोडली, फडकं त्याच्या पायाशी फेकलं आणि न जेवता खोलीवर निघून गेलो.

दुसऱ्या दिवशी कामावर माझ्या तोंडून हिंदी निघाली. “ये पट्टी सीधी काट दीजिए.” इक्बालने करवत थांबवली, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, “जी, कितने इंच?” बस्स, तेव्हापासून ते तसंच चाललं. एकाच टेबलावर काम करणाऱ्यांना मापं तर सांगावीच लागतात. त्यामुळे आमचा अबोला हिंदीत सुरू झाला. पंधरा वर्षं अरे-तुरे करणारी दोन माणसं एकमेकांना आप म्हणू लागली. शिष्टाचारात कुठे म्हणून उणं नव्हतं, आणि दिवसभरात मराठीत शिवी घालायलाही माणूस उरला नव्हता. बायको फोनवर विचारायची, “इक्बालभावजी कसे आहेत?” मी म्हणायचो, मजेत आहेत. मी हट्टी आहे, हे सांगायला मला कोणाची साक्ष लागत नाही.

जवळजवळ वर्ष असंच गेलं. मग या हिवाळ्याच्या तोंडाशी कळलं की इक्बाल व्हिसा रद्द करून कायमचा गावी निघाला आहे. ही बातमीही मला मलबारी वेल्डरकडून कळली, आणि तेच जास्त लागलं. जातो तर जाऊ दे, मी मनाशी म्हटलं, पेटीसाठी मला कोणाची गरज नाही. त्याच आठवड्यात मी झाकणाचे बरोबर मधून दोन तुकडे केले, प्रत्येकाला मधोमध वेगळी मूठ बसवली, म्हणजे निम्मे निखारे घेऊन एकेक तुकडा एकट्याला उचलता यावा. काम सफाईदार झालं होतं आणि मला त्याचा अभिमानही वाटला. शुक्रवारी सगळ्यांना बोलावलं, इक्बाल सोडून. चार तासांनी उघडून पाहिलं तर दोन्ही कडांना मांस करपलेलं, आणि मध्ये, जिथे दोन पत्रे भेटत होते त्या रेषेखाली, लालसर कच्चं. फटीतून सगळी ऊब निघून गेली होती आणि बारीक राख आत झिरपली होती. पाहुणे बिचारे भिडेखातर कडा खात बसले.

इक्बालचं विमान एक गुरुवार सोडून पुढच्या गुरुवारी होतं. पाहुणे गेल्यावर त्या रात्री मी स्वतःशी पुष्कळ भांडलो, आणि सकाळी उठल्यावर एवढंच उरलं की हा माणूस मला ‘आप’ म्हणत इथून जाता कामा नये. मग चूक त्याची असो की माझी. गुरुवारच्या आतला शुक्रवार एकच होता. त्या दिवशी भल्या सकाळी मी दोन्ही तुकडे पुन्हा जोडले, मुठी काढल्या, जुन्या कड्या जागच्या जागी लावल्या. झाकणाच्या अंगावर आडवा वेल्डिंगचा वळ राहिला, तो घासून काढायला वेळ नव्हता. मग त्याच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिलो. तो खोक्याला दोरी बांधत होता.

“झाकण उचलायला माणूस हवाय,” मी म्हणालो.

“आज मराठी आठवली वाटतं,” तो म्हणाला. दोरीची गाठ पुरी मारली आणि चपला शोधू लागला.

दुपारभर आम्ही कामापुरतंच बोललो, पण मराठीत. त्याने त्या वळावरून बोट फिरवलं आणि निखारे रचायला घेतले. भांबुर्डा जुना झाला होता तरी गरम होताच त्याचा वास सुटला आणि मला भूक लागल्याचं जाणवलं. निखारे पांढुरके झाले, पाव तासही सरला. इक्बाल फडकं गुंडाळून समोर उभा राहिला, पण बोलेचना.

“विचार की,” मी म्हणालो.

“काय विचारू? मागच्या खेपेला वाफेचं विचारलं, तर वर्षभर हिंदीत बोलत बसलास.”

वाफेचं. किती साधी गोष्ट होती, आणि ती सोडून जगातलं बाकी सगळं मला ऐकू आलं होतं. मला लाज वाटली. “मग तेव्हाच सांगायचं होतंस,” मी कसंबसं म्हटलं.

“तू काय ऐकलंस ते मला दुसऱ्याच दिवशी कळलं,” इक्बाल शांतपणे म्हणाला. “पण मी का सांगावं? पंधरा वर्षं एका ताटात जेवलो आपण. चार लोकांत मी तुझी जिरवीन, असं तुला वाटलंच कसं? मला त्याचा राग आला होता. अजून आहे.”

फोरमनची जागा गेल्याचं दुःख मी वर्षभर कुरवाळलं होतं. त्याच वर्षात दुसऱ्या बाजूला काय चाललंय, हे एकदाही मनात आलं नव्हतं. त्याने डोळ्यांनी खूण केली, आम्ही एकदमच कड्या धरल्या आणि परात उचलून बाजूच्या विटांवर ठेवली. मांस मध्यापर्यंत नीट शिजलं होतं. सगळे जेवायला बसले. इक्बालने एका ताटात दोघांपुरतं घेतलं आणि ते माझ्यासमोर सरकवलं, पण त्याचा चेहरा काही निवळलेला नव्हता.

हात धुताना त्याने विचारलं, “गुरुवारी टॅक्सी सांगू, का तू येतोस सोडायला?” येतो, मी म्हणालो. इब्रीहून मस्कतचा विमानतळ तीन तासांचा रस्ता आहे. वर्षाचं बोलणं त्यात मावणारं नाही, आणि त्याचा राग जाईल की नाही तेही मला माहीत नव्हतं. गाडीचा काटा साठच्या वर जाऊ द्यायचा नाही, एवढं मात्र मी तिथेच ठरवून टाकलं.