जामाच्या झाडाला घातलेलं पाणी

भिलाईत, रिसालीतल्या आमच्या क्वार्टरमागं बाबांनी जामाचं झाड लावलं होतं. पेरूला आम्ही भंडाऱ्याकडचे लोक जामच म्हणतो. गावच्या झाडावर गुटी कलम बांधून, ते मुळं फुटल्यावर ओल्या पोत्यात गुंडाळून त्यांनी पॅसेंजर गाडीनं आणलं होतं. बाबा तिथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये फिटर. शिफ्टवरून आले की सायकल भिंतीला टेकवून आधी झाडाखाली जात, मग हातपाय धूत.

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, विषय वनस्पतिशास्त्र. त्या वर्षी पावसाळा सरता सरता झाडाची एका बाजूची फांदी पिवळी पडली. पानं कडेनं मुडपली आणि गळू लागली.

"पाणी कमी पडून राहिलं," बाबा म्हणाले आणि दोन बादल्या ओतल्या.

"जमीन तं ओलीच आहे बाबा. मग कावून टाकता?"

"पानं सुकून राहिली, दिसत नाही का तुले?"

मी वाळलेली डहाळी आडवी कापली. आतल्या लाकडात तपकिरी रेघा होत्या. हा रोग आम्हाला नुकताच शिकवला होता. बुरशी मुळातून आत शिरते आणि ज्या बारीक नळ्यांतून पाणी वर चढतं त्या बुजवून टाकते. मुळं पाण्यात बुडाली तरी पानं तहानलेलीच राहतात. तहानलेलं पान आपली छिद्रं मिटून घेतं, मग त्याला अन्नही तयार करता येत नाही. झाड साठवलेल्या स्टार्चवर दिवस काढतं.

बाबांना कळावं म्हणून मी त्यांच्याच भाषेत सांगितलं, "लाइन चोक झाली आहे समजा."

"चोक झाली तं प्रेशर वाढवा लागते," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून दोनाच्या चार बादल्या झाल्या. आईलाही कामाला लावलं. तांदूळ धुतलेलं पाणी, डाळीचं पाणी, सगळं झाडाला. पावर हाउस नावाच्या बाजारातल्या एका दुकानदारानं कसली तरी पांढरी भुकटी दिली, तीही आळ्यात गेली. मी आईला म्हटलं की यानं काही होणार नाही. आई म्हणाली, "तुह्या बापाले तू सांग."

दिवाळीनंतर झाडाच्या उरलेल्या बाजूला कोवळी पानं फुटली आणि फुलं आली, एवढी की फांदी दिसेना. भिंतीपलीकडची बाई बघायला आली. ती इथलीच, छत्तीसगढी. तिच्या परसातही जुनं झाड होतं, त्याची फळं टोपलीत घेऊन ती सुपेल्याच्या बाजारात बसायची. "पेड़ ह बाँच गे," झाड वाचलं, ती म्हणाली. बाबा हसले. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

मी कॉलेजच्या लॅबमधून आयोडीनची छोटी बाटली आणली. आमच्या झाडाच्या मुळाचा एक तुकडा घेतला, बाईला विचारून तिच्या झाडाच्या मुळाचा एक. दोन्ही कापून मागच्या पायरीवर ठेवले आणि बाबांसमोर थेंब टाकले. तिचा तुकडा निळाकाळा पडला. आमचा पिवळाच राहिला.

"हे काय?"

"काळा पडला त्यात अन्नाचा साठा आहे, स्टार्चचा. आपल्या मुळात काहीच उरलं नाही. होतं नव्हतं ते या फुलांत गेलं. बाबा, झाड उपटून टाका आणि मुळं जाळा. नाही तं ही बुरशी मातीतून पलीकडच्या झाडाले लागन."

बाबांनी दोन्ही तुकडे उचलून उलटसुलट बघितले. "फुलावर आलेलं झाड उपटाले सांगून राहिली तू," एवढंच म्हणाले आणि आत गेले.

मी पुन्हा विषय काढला नाही. भिंतीपलीकडे जाऊन बाईलाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बाबांचा अपमान झाला असता, असं तेव्हा वाटलं. फळं धरली ती सुपारीएवढीच राहिली, दगडासारखी टणक, काळपट. होळीपर्यंत झाडाचा खराटा झाला. तरी बाबा उन्हाळाभर पाणी घालत होते. बादलीचा आवाज आला की मी पुस्तक मिटायची.

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी बाईनं मला भिंतीवरून हाक मारली. "बेटी, हमर बिही घलो सुखावत हे." तिचंही झाड सुकायला लागलं होतं. शिकलेली म्हणून ती मला उपाय विचारत होती. बाबा मागंच उभे होते. मी सगळं सांगून टाकलं: रोग कुठला, तो कुठून आला, आणि आम्हाला केव्हापासून माहीत होतं.

ती बाबांकडे बघून म्हणाली, "पहिली ले काबर नइ बतायेव?" आधी का नाही सांगितलं, एवढंच. आवाज चढवला नाही.

त्यानंतरचे दोन रविवार बाबांनी एकट्यानं कुदळ चालवली. आधी आमचं झाड, मग तिचं. बारीक मुळंसुद्धा वेचून जाळली, खड्ड्यांत चुना टाकला. तिच्या नवऱ्यानं मदतीला हात पुढं केला तर नको म्हणाले.  आठवडाभरानं एकदा जेवताना मान खाली घालूनच त्यांनी विचारलं, "तू जोर लावून कावून नाही सांगितलं?"

माझं डोकंच फिरलं. "सांगितलं होतं. पायरीवर बसवून दाखवलं होतं."

"उपटा म्हणून एकदाच म्हटलं तू."

मी ताट सरकवून उठले. ते खरं बोलत होते म्हणून जास्तच संताप आला.