फिदेन्सिओला पाण्यात थांबायचं होतं

कोसुमेल बेटावरच्या फिदेन्सिओ कानुलनं सगळी हयात पाहुण्यांना समुद्राखाली फिरवण्यात घालवली, पण पाण्यात तो एकदाही थांबला नाही. थांबणार कसा? इथला प्रवाहच असा ओढीचा. उडी मारायची, अंग सैल सोडायचं, पाणी नेईल तिकडं जायचं. वर होडी बुडबुडे बघत मागोमाग येतेच. प्रवाहाशी झगडतो तो अडाणी, असं तो स्वतःच सगळ्यांना बजावत आला होता.

घरी बायकोला, देल्फिनाला, तो एकाच माशाचं कौतुक सांगायचा. खडकाखालच्या बिळात बसतो, मिशाळ आहे, तोंडावर पट्टे, परांना पिवळीधमक किनार, आणि बेडकागत ओरडतो.

"थापा मारू नकोस, म्हाताऱ्या," ती म्हणायची. "मिशा तुझ्या, ओरडणं तुझं, आणि नाव त्या बिचाऱ्या माशाचं!"

मग डॉक्टरांनी देल्फिनाला सांगितलं, साखरेनं डोळ्यांचे पडदे खाल्लेत, नजर जाणार. कधी, ते काही सांगता येत नाही. घरी येताना देल्फिना एवढंच म्हणाली, "आता तो मासा दाखव एकदाचा. खोटारडा ठरलास तर मला दिसतंय तोवर ठर."

फिदेन्सिओनं कॅमेरा उसना आणला. पायात नेहमीच्या लांब पात्यांच्या पोहायच्या फिन्स चढवल्या आणि बिळापाशी पोचला. थांबायला म्हणून पाय मारले, तर तळाची सगळी वाळू उठली. फोटोत नुसता गढूळ धुरळा.

फिन्स विकणारा गास्पार त्याच्या पोरीचा धर्मबाप, म्हणून त्याला कोंपाद्रेच म्हणायचा. "कोंपाद्रे, तुझ्या दुखऱ्या गुडघ्याला ही मऊ, मधे चिरलेली जोडी घे. लोण्यासारखी चालते."

चालली खरी लोण्यासारखी! बिळासमोर मागं सरायला गेला तर पाण्यावर पकडच नाही. मासा मिशा हलवत बघत राहिला आणि प्रवाहानं फिदेन्सिओला फरफटत पुढं नेलं. पाण्याखाली धड शिवीही देता येत नाही, काय करणार बिचारा!

"मग ही घे, आखूड, ताठ, रबरी," गास्पार वैतागला. "पायाला विटा बांधल्यागत वाटेल. पण फोटोवाले हीच नेतात. हिच्यावर बेडकासारखे पाय मारून उलटंसुद्धा सरकता येतं."

"मग पहिल्यांदाच का नाही दिलीस, गाढवा?"

"तुला थांबायचंय हे मला काय माहीत? या बेटावर थांबतं कोण?"

फिन्स मिळाल्या, पण पाय ऐकेनात. धक्क्याजवळच्या उथळ पाण्यात तो रोज उलटं सरकायला शिकू लागला. गुडघा टम्म फुगला. इकडं घरी देल्फिना दाराच्या चौकटीला आपटू लागली, मीठ दोनदा पडू लागलं. घाई करावी तर वाळू उडायची, न करावी तर दिवस चाललेले.

अखेर एका सकाळी जमलं. प्रवाह ओढत होता, आणि फिदेन्सिओ बिळासमोर जागच्या जागी होता. मासा पुढं सरकला. त्यानं बटण दाबलं. फ्लॅश मात्र लागलाच नाही.

खोल पाण्यात फ्लॅशशिवाय रंग उमटत नाहीत; फोटो आला तो निळसर राखाडी. मिशा होत्या, पट्टे होते. रंग म्हणून नव्हता. उद्या पुन्हा जावं का? छे, उद्याचा काय भरवसा? त्यानं त्याचीच मोठी प्रत काढली आणि लंगडत घर गाठलं.

देल्फिना चाचपत चाचपत तोर्तिया थापत होती. हात पुसून तिनं फोटो घेतला, डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला.

"अगंबाई! खरंच आहे की रे, मेल्या!" ती हसली. "आणि किनार तरी केवढी पिवळीधमक!"

फिदेन्सिओ कागदाकडं बघत राहिला. त्यावर पिवळा ठिपकासुद्धा नव्हता.

"म्हटलं नव्हतं तुला?" तो कसाबसा म्हणाला.