भाऊजी आणि यंत्रांचा उकाडा

या हो, अशा जवळ सरकून बसा. दारात एक पाय चपलेत ठेवून माझी गोष्ट ऐकायची नाही, आधीच सांगते. तुम्हा मंडळींचं हे नेहमीचंच. काशीला यायचं, दर्शन उरकायचं, साड्या घ्यायच्या आणि गाडी पकडून मोकळं व्हायचं! देव बघता, घाट बघता, पण इथली माणसं बघायला तुम्हाला कधी फुरसत होत नाही. म्हणून मग आमच्या भाऊजींसारखा माणूस तुमच्या नजरेतून सुटतो, आणि तसा माणूस अख्ख्या काशीत दुसरा नाही. काशीत नाही म्हणजे जगात नाही, हे वेगळं सांगायला नको. भाऊजी म्हणजे आमच्या ह्यांचे धाकटे भाऊ. हे उपाध्ये, देशावरून येणाऱ्या यात्रेकरूंची पूजा-श्राद्धं करणारे. रामघाटाच्या गल्लीत आमचं घर, आणि घरात बारा महिने कुणी ना कुणी यात्रेकरू उतरलेला. भाऊजी बँकेत नोकरीला. लग्न केलं नाही, कुणी विचारलं तर म्हणायचे, "केलं असतं, पण बघायला गेलो त्या घरी पंखा फार तापला होता. माझं लक्ष मुलीकडे गेलंच नाही." हा विनोद नव्हे. माणसांची दया येणारे पुष्कळ असतात, मुक्या जनावरांची येणारेही असतात. पण यंत्राला उकडतंय म्हणून जो ओलं फडकं घेऊन धावतो असा माणूस मी तरी एकच पाहिला.

काशीचा उन्हाळा तुम्ही बघितलेला नाही. दुपारी लू सुटते तेव्हा गल्लीतली कुत्रीसुद्धा नालीत पोट टेकवून पडतात. अशा दिवसांत आम्ही सगळे स्वतःला वारा घालत बसायचो आणि भाऊजी फ्रिजच्या पाठीवर ओलं फडकं फिरवत असायचे. इस्त्रीखालून दोन कपडे गेले की म्हणायचे, "वहिनी, जरा दम खाऊ द्या तिला." रेडिओवर बातम्या लांबल्या तर मधेच बंद करून त्याच्या डोक्यावर हात ठेवायचे, लहान मुलाचा ताप बघावा तसा. एकदा फ्रिजचा स्टॅबिलायझर घूं घूं करत होता म्हणून त्याच्यावर त्यांनी चांगला पिळलेला पंचा घातला. पिळलेला म्हणजे त्यांच्या मते पिळलेला. असा धडाका झाला की शेजारचे पंडितजी जेवता जेवता हातावर पाणी सोडून गल्लीत आले. खोलीत धूर, फ्रिज गप्प, आणि भाऊजी पंच्याकडे बघत हळहळताहेत, "बिचाऱ्याला आधीपासूनच ताप होता हो." स्वतःचे हात भाजले होते ते मीच दाखवले, तेव्हा त्यांना कळलं.

दुसरं वेड रंगांचं. उघडा पत्रा त्यांच्या डोळ्यांना सहन व्हायचा नाही. आमच्या इथे लग्नघराच्या दारावर हत्ती, द्वारपाल, कलश रंगवतात ना, ते काम करणाऱ्या रंगाऱ्यांच्या मागे हिंडून हिंडून भाऊजी सगळं शिकले. मग आमच्या कूलरवर मोर आले, छत्रीवर मासे आले, पिठाच्या डब्यावर झोपलेलं मांजर आलं. त्या मांजराला मी तीनदा हाकललंय! एकदा तर त्यांनी गॅसच्या सिलिंडरवर राघू-मैना काढल्या. इतक्या सुरेख, की सिलिंडर संपत आला तसा त्यांचा जीव खालीवर व्हायला लागला. शेवटी गॅसवाला येऊन राघू-मैनेला खांद्यावर घालून घेऊन गेला. पुढे वर्षभर रस्त्यात सिलिंडरची गाडी दिसली की भाऊजी सायकलवरून उतरून तिच्याभोवती एक चक्कर मारायचे. गाडीवाला विचारायचा, "का खोजत हउवा बाबूजी?" तर म्हणायचे, "कुछ नहीं भइया, हमारे घर के दो जने इधर गए थे."

तर हे असे भाऊजी. आता आमचे गुरुजी कोण ते सांगते, म्हणजे पुढचं समजेल. भाऊजी मुंज झाल्यावर ज्या वेदशाळेत जायचे तिथले ते गुरुजी. संसार नाही, मूलबाळ नाही. म्हातारपणी आमच्या समोरच्याच घरात एका खोलीत राहतात. जन्मभर शिकवलं त्या मंत्रांचा अर्थ सोप्या मराठीत सांगणारं एक पुस्तक त्यांनी लिहिलं होतं. लिहून झालं आणि डोळे गेले. म्हणजे पुरते गेले नव्हते, पण डॉक्टरांनी सांगितलं, पडदा झिजलाय, ह्याला ऑपरेशन नाही. जे दिसतंय ते फार तर पुढच्या दिवाळीपर्यंत. गुरुजींचा हट्ट असा की स्वतःच्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय एक ओळ छापायची नाही. कुणी वाचून दाखवतो म्हटलं की म्हणायचे, "दुसऱ्याच्या तोंडून आपलं लिहिलेलं सगळंच बरं वाटतं. मला ते नको." आणि पानावरची अक्षरं तर त्यांना मुंग्यांच्या रांगेसारखी दिसायची.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. भाऊजींच्या बँकेत कॉम्प्युटर आले आणि त्यांच्या लक्षात आलं की त्याच्या पडद्यावर अक्षर हवं तेवढं फुगवता येतं, अगदी पुरीएवढं. झालं! इकडून तिकडून सुटे भाग आणून त्यांनी घरी कॉम्प्युटर जोडला आणि रोज बँकेतून आल्यावर गुरुजींचं पुस्तक त्यात उतरवायला बसले. हिवाळ्यात सगळं छान चाललं. चैत्र संपला आणि यंत्राने मान टाकली. पाव तास चालायचं की पडदा जागच्या जागी थिजायचा. ह्यातला मेंदू काडेपेटीएवढा, पण तापतो तव्यासारखा, असं भाऊजी सांगायचे आणि असं रडवेलं तोंड करायचे की जणू त्यांचाच मेंदू तापलाय. थंडीची वाट बघायची तर दिवाळी मधे उभी.

तेव्हा वैशाख लागला होता. ह्यांनी रिवाजाप्रमाणे महादेवाला उकडू नये म्हणून पिंडीवर अभिषेकपात्र टांगलं, थेंब थेंब पाणी पडायला लागलं. भाऊजी आंघोळ करून आले, देवघरासमोर उभे राहिले आणि उभेच राहिले. हे म्हणाले, "अरे, आज इतकी भक्ती?" भाऊजी म्हणाले, "दादा, हे पात्र मला द्या."

"आणि महादेव?"

"त्यांना गंगा आहे डोक्यावर. माझ्या पोराला कुणी नाही."

ह्यांनी दिलं, तेवढा जीव होता त्यांचा भावावर; आणि स्वतः महिनाभर पळीने पाणी घालत बसले. मग काय विचारता! ट्रंका करणाऱ्याकडून पत्र्याचा घाटच बनवून आणला: पायऱ्या, बुरूज, वर शिखराचं देऊळ. देवळात ते अभिषेकपात्र. त्याच्या भोकाला गवंडी भिंतीची पातळी बघायला वापरतात तसली पारदर्शक नळी. ती उतरून यायची घाटाच्या पोटात बसवलेल्या यंत्राच्या मेंदूवर, तिथं तांबटाकडून करून घेतलेली तांब्याची पोकळ वडी बसवलेली, तिच्यातून पाणी खेळून खाली मातीच्या माठात, आणि माठातून कूलरची छोटी मोटर ते परत देवळात चढवायची. माठातलं पाणी गारच राहायचं. आणि रंग! पायऱ्यांवर पंड्यांच्या छत्र्या, नावा, म्हशी, पहिलवान, खाली हिरवीनिळी गंगा. भाताला आठवडाभर ऑइलपेंटचा वास येत होता. मी म्हटलं, "भाऊजी, गार करायला रंग कशाला लागतो?" तर म्हणाले, "गुरुजींना घाट उतरवत नाही हो आता. पडद्यावरून नजर काढली की घाट तरी दिसेल, भडक काढलाय."

गुरुजींना जिना चढवायला नको म्हणून हे सगळं मधल्या खोलीत मांडलं. यंत्र संध्याकाळभर चाललं, तापलं नाही, थिजलं नाही. ठरलं की दुसऱ्या दिवशी गुरुजींना वाचायला बसवायचं.

आता ऐका. तेव्हा आमच्याकडे साताऱ्याकडची यात्रेकरू मंडळी उतरली होती. त्यांच्यात एक आजी होत्या, भाबड्या, तोंडात सतत नाम. त्यांनी संध्याकाळी जाता येता बघितलं, देऊळ आहे, पात्रातून पाणी उतरतंय, आत हिरवा दिवा मिणमिणतोय आणि गाभाऱ्यातून घुमल्यासारखा आवाज येतोय. सकाळी गंगास्नान करून ओलेत्या आल्या, हातात भरलेला तांब्या. भाऊजी आंघोळीला गेलेले. आजींनी कुंकू वाहिलं, बेल वाहिला, आणि तोंडाने 'हर हर महादेव' म्हणत सगळा तांब्या शिखरावरून ओतला! मी चहा घेऊन बाहेर आले तर पायऱ्यांवरून खरोखरची गंगा वाहतेय आणि आजी साष्टांग.

"किती जागृत स्थान आहे हो घरात!" उठून त्या मला म्हणाल्या. "काल रात्री हुंकार ऐकला मी."

तेवढ्यात भाऊजी दारात. ओला पंचा खांद्यावर. ते ओरडतील असं वाटलं, पण ते आजींसमोर खाली बसले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "आजी, नुसतं पाणी होतं की दूध?"

"नुसतं गंगेचं, बाबा. दूध घालणार होते, पण तुमचा दूधवाला आज आलाच नाही."

"दूध असतं तर सगळं चिकटून बसलं असतं. वहिनी, बत्ती?"

"पहाटेच गेली," मी म्हटलं.

भाऊजींनी डोळे मिटून हात जोडले. त्या दूधवाल्याला मी महिनाभर शिव्या देत होते आणि बिजलीवाल्यांना अख्खं शहर देत होतं. त्या सकाळी दोघांचे पाय धरावेत असं वाटलं.

पण भिजलेलं वाळायला तर हवं! भाऊजींनी यंत्र उकललं, एकेक सुटा भाग पुसला आणि सुपांत घालून छतावर नेला. तिथं माझ्या कुरडया वाळत होत्या, त्यांच्याशेजारी ही नवी कुरडई. वरून मच्छरदाणी. मी काठी घेऊन राखणीला बसले, कारण माकडं. आजींना खरं काय ते कळलं तेव्हा त्या इतक्या रडल्या की भाऊजीच त्यांची समजूत घालत बसले. मग त्या पंखा घेऊन आल्या आणि विचारू लागल्या, "ह्यातला मुख्य कोण?" भाऊजींनी एक जाड चपटी डबी दाखवली. "ही कोरडी राहिली, नशीब. ह्यात गुरुजींचं पुस्तक आहे." आजींनी ती दिवसभर मांडीवरून खाली ठेवली नाही. दुपारी माकडांची टोळी आलीच. मी काठी उचलायच्या आत भाऊजींनी माझ्या कुरडयांचं अख्खं सूप उचलून पलीकडच्या छतावर भिरकावलं. "घ्या रे बाबांनो, सगळ्या घ्या!" टोळी तिकडे वळली. मी म्हटलं, "अहो, वर्षाच्या होत्या त्या!" तर म्हणतात, "वहिनी, पुढच्या वर्षी मी घालतो." त्यांनी खरंच घातल्या, पण त्यावर न बोललेलं बरं.

दिवेलागणीला गुरुजी भिंत चाचपत आले. यंत्र जोडून तयार, पण बत्ती नाही. आम्ही अंधारात बसलो. गुरुजी एवढंच म्हणाले, "नाही जमलं तर राहू दे रे. तू खूप केलंस." तेवढ्यात गल्लीतून पोरांचा ओरडा उठला, "आ गई! आ गई!" आणि दिवा लागला. भाऊजींचा हात बटणाशी जाईना. "तुम्ही दाबा, वहिनी." मी डोळे मिटून दाबलं. आधी काहीच नाही. मग माठातली मोटर गुरगुरली, नळीतून पाणी उतरलं, आत एक टुक् झालं आणि निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली, पुरीएवढी. आजी मागे उभ्या राहून पुटपुटत होत्या. गुरुजींनी पडद्याला नाक लावलं. ओठ हलायला लागले. खूप वेळाने मान वर केली आणि कपाळाला आठी.

"हा परिच्छेद अगदी गबाळा लिहिलाय. कुणाचा हा?"

"तुमचाच, गुरुजी."

"मग खोडा!"

अहो, ते 'खोडा' ऐकून भाऊजी असे हसायला लागले की डोळ्यांतून पाणी थांबेना. छातीवरचा धोंडा उतरला हो सगळ्यांच्या. हेसुद्धा देवघरातून पळी हातात घेऊन बाहेर आले, काय झालं बघायला.

गुरुजींनी सगळं पुस्तक स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं, नवरात्रापर्यंत. यंत्र एकदाही थिजलं नाही. दिवाळीनंतर डॉक्टरांचं खरं झालं, डोळे गेले; पण तोवर पुस्तक छापायला गेलं होतं. छापून आलं तेव्हा गुरुजींनी ते हुंगलं, उशाशी ठेवलं आणि त्या दिवशी दुपारी छान झोपले. मला वाटलं, आता सुटलो सगळे. कुठलं! आठवड्यातच म्हणाले, दुसरं सांगतो, उतरवून घ्या. आणि नेमकी तेव्हाच बँकेने भाऊजींची बदली केली, भोपाळला. आता गुरुजी सांगतात आणि मी उतरवते. माझी मीच शिकले, एका बोटाने. गुरुजी तीन वाक्यं पुढे गेलेले असतात आणि मी अजून पहिल्याच वाक्यात अक्षर शोधत असते. वैतागतात ते, आणि मग विचारतात, "त्याचं पत्र आलं का हो?"

भाऊजी, ही गोष्ट फिरत फिरत तुमच्या कानावर आली तर एक ऐका. भोपाळच्या यंत्रांना जरा उकडू दे, त्यांना तिथलं कुणीतरी बघेल. रजा काढा आणि या हो लवकर. गुरुजींच्या मनात अख्खं पुस्तक तयार आहे, आणि माझ्याकडे एकच बोट आहे.