शेवट पह्यले सांग

"शेवटले कोण मरस, ते पह्यले सांग."

मी पुस्तक उघडलं की आक्का हे विचारायचीच. शेवटी कोण मरतं ते आधी सांग. "आक्का, असं सांगितलं तर मजा जाते," असं मी कितीदा तरी म्हणून पाहिलं. ती हातातली काडी थांबवून नुसती माझ्याकडे बघत राहायची. शेवटी मी सांगून टाकायचे. मग ती दोन मिनिटं पदराने डोळे पुसायची, नाक ओढायची आणि म्हणायची, "आता वाच व माय. रडायचं तेवढं आधीच रडून घेतलं, की पुढचं नीट ऐकू येतं." तिची अहिराणी मी इथे थोडी सोपी करून लिहिते आहे. तिच्यासारखी ती मला लिहिता येत नाही, हेही खरं आहे.

आक्का आमच्या शेजारच्या खोलीत राहायची. सुरतेच्या डिंडोलीतल्या आमच्या गल्लीत बहुतेक सगळे खानदेशातून आलेले. पुरुष लूमवर नाहीतर मिलमध्ये आणि बायका घरी साड्यांचं काम करतात. आक्का साड्यांवर खडे चिकटवायची. मांडीवर साडी पसरायची, डिंकाचे ठिपके द्यायची आणि मेण लावलेल्या काडीने एकेक बारीक खडा उचलून त्या ठिपक्यावर ठेवायची. पंचवीस वर्षं हेच काम. तिच्या घरात कुठेही हात ठेवला तरी एखादा खडा बोटाला लागायचाच. भाकरीतसुद्धा एकदा निघाला होता. तेव्हा ती म्हणाली, "खा, श्रीमंताची भाकर आहे."

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. त्यामुळे गल्लीत कोणाचंही इंग्रजी पत्र, लाइट बिल, दवाखान्याचा कागद आला की माझ्याकडे यायचा. मला सगळं समजायचं असं नाही. पण समजत नाही हे सांगण्याची हिंमत व्हायची नाही, कारण माझी आई दारात उभी राहून अभिमानाने ऐकत असायची.

दुसऱ्या वर्षाला आम्हाला एक प्रोजेक्ट करायचा होता. सरांनी विषयांच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि मला आलेला विषय होता: पुस्तकांमधल्या आणि गेममधल्या आजाराच्या, मरणाच्या आणि मागे राहिलेल्यांच्या गोष्टी. मी सरांना म्हटलं, दुसरा मिळेल का. सर गुजरातीत म्हणाले, "बेटा, आ विषय सहेलो नथी, पण तने आवडशे." विषय सोपा नाही, पण तुला जमेल. मला जमेल असं वाटत नव्हतं. आमच्या खोलीत टीव्ही चालू असायचा, म्हणून मी वाचायला आक्काकडे जायचे. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. ती म्हणाली, मनात वाचतेस ते मोठ्याने वाच, म्हणजे माझेही हात चालतील. अशी आमची सुरुवात झाली.

वाचन थांबलं की आक्का त्या पानाच्या कोपऱ्यात एक खडा चिकटवायची. खूण म्हणून. पुस्तकं मराठी वाचनालयातली होती. तिथले काका एकदा पुस्तक उघडून म्हणाले, "हे काय, पुस्तकाचं लग्न आहे का?" मी घरी येऊन आक्काला सांगितलं. तिला ते इतकं आवडलं की पुढच्या वेळी तिने दोन खडे लावले.

तिच्या छातीतली गाठ मला माझ्या आईकडून कळली. आक्काने ती बरेच महिने कोणाला सांगितलीच नव्हती. तिचा मुलगा संजूभाऊ पलसाण्याला रंगाच्या मिलमध्ये काम करतो. त्याच्या नखांत कायम कुठलातरी रंग असतो. तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, आणि तो फाइल घेऊन सरळ माझ्याकडे जिन्यात आला.

"तिला वाचून दाखव," तो म्हणाला. "साधी गाठ आहे, गोळ्या-इंजेक्शनने विरघळेल, असं वाच."

"भाऊ, पण असं लिहिलेलं नाही..."

"मला माहीत आहे काय लिहिलंय." त्याच्या नखांत त्या दिवशी जांभळा रंग होता. "इंग्रजीतून वाचलंस तर तिला पटेल. माझ्यावर विश्वास नाही तिचा, तुझ्यावर आहे."

मला नाही म्हणता आलं नाही. आमच्याकडे असंच करतात. आजाऱ्याला आजाराचं नाव सांगत नाहीत. नाव सांगितलं तर माणूस खचतो म्हणतात. मी आक्कासमोर बसले आणि वाचलं. नाव, वय, पत्ता, तारीख, मग पुढे काहीतरी इंग्रजी, आणि मग, "आक्का, साधी गाठ आहे. विरघळेल." आक्का काडी हातात धरून ऐकत होती. "बरं," एवढंच ती म्हणाली. त्यानंतर मी रोज घाबरत तिच्याकडे जायचे. प्रत्येक गोष्टीचा शेवट आधी विचारणारी बाई स्वतःबद्दल कधी विचारेल, आणि तेव्हा मी काय सांगेन? तिने विचारलंच नाही.

इंजेक्शनं सुरू झाली. केस गेले तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं, डिंक लागायचा केसांना." जीव घाबरा झाला तरी दुपारी थोडा वेळ साडी मांडीवर घ्यायची. हात थरथरायचे, म्हणून नक्षीतली मोठी फुलं सोडून कडेची सरळ रांग करायची. मी वाचत राहायचे. प्रोजेक्टसाठी मी फोनवर एक गेमही घेतला होता. त्यात आपण मुलगी असतो आणि घरात आजारी बाप असतो. रोज तीन कामं निवडायची: औषध दे, पाणी दे, खिडकी उघड, डॉक्टरला बोलाव, जवळ बस, असं. आक्काने शेवट विचारला. मी सांगितलं, "बाप जातो. काहीही निवडलं तरी जातो."

तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "औषध दे." रोज औषध, रोज डॉक्टर. बाराव्या दिवशी बाप गेला.

"परत लाव."

दुसऱ्या वेळी तिने औषध एकदाच दिलं. बाकी रोज खिडकी उघड, पाणी दे, जवळ बस. पुढे पुढे तर तिन्ही वेळा जवळ बस. मी म्हटलं, "आक्का, असं केलं तर काही पॉइंट मिळत नाहीत." तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मी पुढचा दिवस लावला. बाराव्या दिवशी बाप गेलाच. आक्काने पदराने फोनची काच पुसली. मग म्हणाली, "ह्या खेपेला चांगला गेला."

मी फोन बाजूला ठेवला. तेव्हा ती साडीकडे बघतच बोलली.

"त्या दिवशी माझा कागद वाचलास ना, तेव्हा शेवट आधी नाही सांगितलास. नावापासून सुरुवात केलीस."

इतकी पुस्तकं तिला वाचून दाखवली होती आणि एकदाही मी पहिल्या पानापासून सुरुवात केली नव्हती. त्या एका दिवशी तेवढी केली होती. मी रडायला लागले. ती म्हणाली, "रडून घे. मग पुढचं सांगते, नीट ऐक."

पुढचं असं होतं. तिचा नवरा इथे सुरतेतच वारला होता. गावची माती मिळाली पाहिजे म्हणून भावकीने गाडी करून त्याला गावी नेलं. आमच्यात बहुतेक नेतातच. नाही नेलं तर परमुलखात जाळलं म्हणून बोलतात. तो पुढच्या गाडीत होता आणि आक्का मागच्या गाडीत. सहा-सात तास तिला त्याच्या गाडीचा मागचा दिवा तेवढा दिसत होता. गावात पोचल्यावर उशीर झाला म्हणून सगळ्यांनी घाई केली, तिला त्याच्याजवळ बसायला मिळालंच नाही. "माले गावले नेऊ नका," ती म्हणाली. "आमचं गाव तापीवर. तेच पाणी रोज इथं येतं. मी इथंच बरी. मी जाईपर्यंत तेवढं संजूने माझ्याजवळ बसावं."

"मग संजूभाऊला सांग ना तू."

"तो बोलू देतो का? मी तोंड उघडलं की म्हणतो, आक्का, तू शंभर वर्षं जगशील, आणि दूध आणायला पळतो. बघ जरा, घरात किती दूध झालंय." खरंच, ओट्यावर तीन पातेली होती. "तू सांग."

मी दोनदा जिन्यात त्याला गाठलं. एकदा तो म्हणाला, "काय गं?" आणि मी म्हटलं, "काही नाही, मिलमध्ये सुट्टी कधी असते?" दुसऱ्यांदा त्याने आपणहून सांगितलं की गावाला फोन केला होता, चुलत्याने गाडीवाला बघून ठेवलाय, फक्त आक्काला कळू देऊ नकोस. मी मान हलवली. माझ्या भित्रेपणाबद्दल मी प्रोजेक्टमध्ये काही लिहिलं नाही, पण इथे लिहायला हवं.

त्याच्या सुट्टीच्या दुपारी मी एक कादंबरी वाचत होते. डोंगराळ गावातली शाळेची बाई, तिला आक्काचाच आजार, आणि तिचा एक मुलगा. संजूभाऊ दारात बसून मोसंबी सोलत होता. आक्का म्हणाली, "संजू, आत ये. गोष्ट ऐक."

"मला काय कळतं पुस्तकातलं."

"शेवट आधी सांगते, मग कळेल." तिने काडी खाली ठेवली. "ही बाई मरते. तिला माहीत असतं. पोराला वाटतं तिला माहीत नाही. मोठा येडा असतो पोरगा."

संजूभाऊची सुरी थांबली.

"तर तो गाडीबिडी करत नाही. तिला गावाला नेत नाही. इथल्याच नदीवर नेतो, कारण नदी तिच्या गावावरूनच आलेली असते. आणि तोवर तो तिच्याजवळ बसतो. दूध आणायला पळत नाही."

तो माझ्याकडे वळला. "असं लिहिलंय?"

मी पानाकडे पाहिलं. पानावर शाळेची बाई वह्या तपासत होती. त्या अख्ख्या कादंबरीत कुठेच नदी नव्हती.

"हो भाऊ," मी म्हटलं. "असंच लिहिलंय."

त्याने सुरी खाली ठेवली. मग त्याने विचारलं, "त्याला लोक काय म्हणतात? पुस्तकात?"

ह्याचं उत्तर आक्कानेच दिलं. "म्हणतात काहीबाही. दोन दिवस. मग आपापल्या कामाला लागतात."

संजूभाऊने मोसंबी ताटात ठेवली आणि लहान मुलासारखं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. मांडीवर साडी होती, डिंक ओला होता. "अरे, साडी खराब होईल," आक्का म्हणाली, पण त्याच्या डोक्यावरचा हात काही तिने काढला नाही. तो उठला तेव्हा त्याच्या गालावर पाच-सहा खडे चिकटले होते. ते कोणी काढले नाहीत. जाताना मी पुस्तक मिटत होते, तर आक्काने ते मागून घेतलं आणि पानाच्या कोपऱ्यात खडा लावला.

पुढचं वाचायचं राहिलं. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी आक्का गेली. शेवटचे दिवस संजूभाऊ मिलला गेला नव्हता. मी जायचे तेव्हा तो तिच्या खाटेजवळ बसलेला असायचा आणि खिडकी उघडी असायची. गावाहून चुलत्याचे फोन आले, तो आवाज चढवून बोलला, तरी संजूभाऊ एवढंच म्हणाला, "तिने सांगितलंय." आक्काला तापीवर नेलं. गल्लीत लोक बोलले. दोन दिवसांपेक्षा जरा जास्तच बोलले.

प्रोजेक्ट मी उशिरा दिला. त्यात त्या कादंबरीबद्दल लिहिताना, मुलगा आईला गावी न नेता जवळच्या नदीवर नेतो आणि तोवर तिच्याजवळ बसून राहतो, हे मी लिहून टाकलं होतं. मुद्दाम लिहिलं की हाताने आपोआप लिहिलं गेलं, ते मला नक्की सांगता येणार नाही. वही परत आली तेव्हा सरांनी त्या वाक्याखाली लाल पेनाने रेघ ओढली होती आणि बाजूला लिहिलं होतं, "बहु सरस. पेज नंबर?"

मी पुस्तक काढलं. ते अजून वाचनालयात परत केलेलं नव्हतं. जिथे खडा होता ते पान उघडलं. शाळेची बाई अजून वह्याच तपासत होती. मी सरांच्या प्रश्नापुढे त्या पानाचा नंबर लिहिला आणि वही पुन्हा देऊन आले.