मूळ देश: मारवाड

उज्जैनच्या देवास गेटला बसमधून उतरलो, तर माझी आतेबहीण शोभाताई समोरच उभी. तिच्या वडिलांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या उज्जैनचं. पूर्वज दरबारात कारकून होते म्हणे.

"किती लेट रे! चल, फटाफट पोहे खाऊन घे, मग भेरूगढला चालायचंय."

टावर चौकात पोहे आले, वर शेव आणि शेजारी जिलबी. नाशिकच्या माणसाला ही जोडी पटणं अवघड. मी दुसरी प्लेटही मागवली.

भेरूगढ म्हणजे भैरवगड, छिपांची (कापडावर छपाई करणाऱ्यांची) वस्ती. शोभाताईला तिथल्या रशीदभाईंकडून चादरी घ्यायच्या होत्या. त्यांच्या कारखान्यात शिरताच मी ओल्या कापडावर हात टेकला आणि तळवा लालभडक झाला. कोणी हसलं नाही. सगळ्यांचं लक्ष रशीदभाईंच्या फोनकडे होतं.

ऑस्ट्रेलियाशी मुक्त व्यापार करार झाल्यापासून इथल्या कापडावर तिकडे आयातकर लागत नाही. मात्र माल भारतातच बनल्याचा कागद लागतो. त्या करारामुळे रशीदभाईंना पहिली परदेशी ऑर्डर मिळाली होती. गठ्ठे बांधून तयार होते आणि इंदूरच्या एजंटाने फॉर्म परत पाठवला होता. पाचच्या आत दुरुस्त करून दिला नाही, तर ऑर्डर हातची जाणार.

"फॉर्म में लिखा था, मूल देश," ठप्पा (लाकडी ठसा) खाली ठेवत ते म्हणाले. "मैंने लिख दिया, मारवाड़."

मला हसू आवरेना. "अहो, भारत लिहायचं!"

"हिंदुस्तान तो है ही, साब. वो कौन पूछता है? मूल पूछा था. हमारे पुरखे वहीं से ठप्पे लेकर आए." मग शोभाताईकडे वळून म्हणाले, "बाईजी, आप क्या लिखतीं?"

"सातारा," ती पटकन म्हणाली. साताऱ्याला ती आयुष्यात गेलेली नाही.

नवा फॉर्म शेजारच्या दुकानातून छापून आणला. रशीदभाईंनी अगदी सावकाश 'भारत' लिहिलं. मारवाडसाठी त्या कागदावर कुठेच जागा नव्हती, याचं मला वाईट वाटलं. साडेचारला एजंटाचा निरोप आला: कागद चालला, माल पाठवा. रशीदभाईंनी मोठ्याने "शुक्र है!" म्हटलं आणि चहा मागवला.

चहा पिताना त्यांनी मला विचारलं, "आप कहाँ के?"

"नाशिक."

"वो तो रहना हुआ, साब. मूल?"

आजोबा कोकणातून आले, एवढंच मला ठाऊक होतं. मी चहा फार गरम असल्याचं काहीतरी बोललो.

घरी येऊन आठवडा झाला. तळव्याचा लाल रंग आता फक्त रेषांत उरला आहे. कोकणातल्या त्या गावाचं नाव वडिलांना माहीत होतं. मी कधी विचारलं नाही आणि आता ते नाहीत. रशीदभाईंच्या उत्तराला मी हसलो खरा, पण तो फॉर्म माझ्यापुढे आला असता, तर त्यांच्यासारखं चुकायलाही मला जमलं नसतं.